ताकाची खेळपट्टी

आबा, मैदानाचं पुस्तक छापून झालं. कागद गुळगुळीत आहे, हातात घेतलं तर चांगलं वजन लागतं, आणि मुखपृष्ठावर वरून काढलेला मैदानाचा फोटो आहे. आता फोटोसाठी माणसाला उंचावर चढावं लागत नाही, यंत्रच उडत जाऊन काढून आणतं. तेवढ्या उंचीवरून तुमची खेळपट्टी हिरव्या लुगड्याला लावलेल्या ठिगळासारखी दिसते. आतल्या पानावर 'लेखन' म्हणून माझं नाव आहे. तुम्हीही पुस्तकात आहात, दोन ठिकाणी. एके ठिकाणी तुम्ही 'एक माळी' आहात आणि दुसऱ्या ठिकाणी 'मैदान कर्मचारी'. दोन्हीकडे मीच तुम्हाला घातलं, आणि ते वाचून तुम्ही माझ्याशी बोलला असतात की नाही, याची मला शंका आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता असल्या शंकांना काही अर्थ नाही. तरी सगळं क्रमानं सांगते. जन्मभर मुलांना क्रमानं सांगत आले, ती खोड काही जात नाही.

शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. गुडघे बोलायला लागलेत, पण डोकं शाबूत आहे असं लोक तोंडावर तरी म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर मैदानाच्या कमिटीतली दोन माणसं घरी आली. एक सेक्रेटरी, आणि दुसरा माझाच विद्यार्थी, नववीत सनावळ्या तळहातावर लिहून आणायचा तो. आता त्याला टक्कल पडलंय आणि तो कमिटीत आहे. चहा संपेपर्यंत दोघं माझ्या तब्येतीचं बोलले आणि कप खाली ठेवल्यावर मुद्द्यावर आले. मैदानाचा मोठा सोहळा करायचाय, त्यासाठी इतिहास लिहून हवाय. "बाई, तुमच्याशिवाय कोण लिव्हणार?" विद्यार्थी म्हणाला. "तुमी इतिहासाच्या, आन् वडील तिथंच हुते की." मी लगेच हो म्हणाले. थोडे आढेवेढे घ्यायचे असतात, तेवढीही रीत पाळली नाही. माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला तुमच्यावरचा डाग पुसायचा होता. तळं, घोडे, राजवाडा, हे सगळं माझ्यासाठी निमित्त होतं.

चार महिने मी ऑफिसातल्या लोखंडी कपाटासमोर बसून काढले. जुनी रजिस्टरं, वाळवीनं कडेनं खाल्लेली, काही पानं मोडी लिपीत. ती वाचता वाचता निमित्ताचंही वेड लागलं, हे कबूल करते. तुम्ही म्हणायचात ते खरं निघालं, तिथं आधी तळंच होतं. म्हणून मोठा पाऊस झाला की पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी उभं राहायचं आणि तुम्ही म्हणायचात, "तळं आपलं घर हुडकत आलंय." संस्थानच्या राज्यात ते बुजवलं आणि घोडे फिरवायला मोकळी जागा केली. पुढं राजवाड्याकडच्या मंडळींनी फुटबॉल आणला, पेठांनी तो उचलला, आणि ज्या तालमींत पोरं लंगोट कसून माती अंगाला लावत होती त्याच तालमींच्या नावानं संघ निघाले. लोक आधी उतारावर बसून बघायचे. मग दगडी पायऱ्या झाल्या, दगड बैलगाड्यांनी आला. मग भिंत झाली, मग पॅव्हेलियन. क्रिकेट बापडं बराच काळ एका कोपऱ्यात, काथ्याच्या चटईवर खेळलं जात होतं. ते मैदानाच्या मधोमध आलं ते तुमच्या काळात. तेव्हापासून एका मैदानावर दोन खेळ, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही. "दोन सवतींचा संसार हाय ह्यो," तुम्ही जेवताना सांगायचात. "एकीला मऊ पायजे, दुसरीला टणक. आन् दोघींची समजूत मी काढायची."

तुमचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांतून तुम्ही उजाडताच निघता, दारात थांबून आधी पश्चिमेकडे बघता. गगनबावड्याकडे काळं दिसलं की आईला म्हणता, "आज जेवायला यायचो न्हाय." मग फुटबॉलच्या हंगामात मधल्या पट्टीवर मऊ माती, तिच्यावर दूर्वा, आणि सामन्याच्या सकाळी पांढऱ्या फक्कीच्या रेघा. दोरी न लावता तुम्ही सरळ रेघ मारता आणि मागं वळूनही बघत नाही. हंगाम संपला की तीच पट्टी उकरून काढायची, काळी माती चाळून भरायची, भिजवायची, आणि अर्धवट वाळल्यावर रोलर फिरवायचा. रोलर ओढायला चौघं लागायचे, तिथं कधी कधी तुम्ही दोघांवर भागवायचात. घरी आल्यावर आई तुमच्या खांद्यांना तेल चोळायची आणि तोंडानं कमिटीचा उद्धार करायची. हे सगळं रजिस्टरात कुठंच नाही, आबा. अध्यक्ष कोण झाले ते आहे, पाहुणे कोण आले ते आहे, कुणी ढाल दिली, कुणी घड्याळ दिलं ते आहे. तुमची सगळी नोकरी त्या कपाटातून गाळली गेली आणि दोनच नोंदी खाली राहिल्या.

पहिली नोंद ताकाची. 'खेळपट्टीस ताक घातल्याने सामना रद्द करावा लागला. माळ्यास समज दिली.' एवढीच. पण मला तर पूर्ण माहीत होतं, आई ते इतक्या वेळा सांगायची. क्रिकेटची पट्टी मधोमध करायचं ठरलं आणि कमिटीनं तुम्हाला सांगितलं, बाहेरगावचा संघ येणार आहे, आपली नाचक्की होता कामा नये. तुम्ही म्हणालात, मातीची काळजी करू नका, मातीतच जन्म गेलाय. तुमचं खरंच होतं. तुम्ही तालमीत वाढलेले. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, म्हणजे माती मऊ राहते आणि पैलवानाच्या अंगाला बाधत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मग तुम्ही त्या पट्टीलाही तसंच पोसलंत. आठ दिवस गवळ्याकडून ताकाच्या घागरी आल्या. आई चिडली, "पोरीला घोटभर ताक न्हाय आन् मातीला पाजताय व्हय?" तुम्ही म्हणालात, "माती बी पोरच हाय की." पट्टी अशी झाली म्हणे की तिच्यावर आडवं होऊन झोपावं. सामन्याच्या दिवशी गोलंदाज लांबून पळत आला, जोरात चेंडू टाकला, आणि चेंडू पडला तिथंच बसला. दुसरा बसला, तिसरा बसला. मागं उभा असलेला विकेटकीपर दर चेंडूला एक पाऊल पुढं येत शेवटी फलंदाजाच्या पाठीला टेकला. मग बाहेरगावच्या कप्तानानं चिमूटभर माती उचलून हुंगली आणि विचारलं, "इथं काल पंगत बसली होती का?" पायऱ्यांवरचं अख्खं कोल्हापूर हसलं. त्या दिवसापासून तुम्ही ताकवाले.

त्यानंतर काय झालं, तेही मला माहीत आहे आणि तेही मी लिहिलं होतं. तुम्ही रजा टाकून दुसऱ्या शहरात गेलात, तिथल्या एका म्हाताऱ्या ग्राउंडमनच्या शेजारी पंधरा दिवस उकिडवे बसलात, आणि काळ्या मातीचं सगळं शास्त्र शिकून आलात. पुढच्या वर्षी तोच कप्तान आला, त्यानं बॅटीनं पट्टी ठोकून बघितली आणि ही कुणी केली म्हणून विचारलं. रजिस्टरात त्याची नोंद नाही. लोकांच्या तोंडातही नाही. माझी पहिली नोकरी गारगोटीच्या शाळेत होती, तेव्हा आमच्या क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दिवशी तुम्ही न सांगता एसटीनं आलात, खांद्यावर फक्कीचं पोतं घेऊन. दिवसभर उन्हात वाकून तुम्ही शाळेच्या माळावर धावण्याच्या मार्गिका आखल्यात. मला नोकरी लागल्याची तुमची भेट ती. मी हेडमास्तरांना अभिमानानं सांगितलं, माझे वडील मैदान सांभाळतात. ते म्हणाले, "कोल्हापूरचे? ते ताकवाले का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र हात झटकत पुढं आलात आणि म्हणालात, "व्हय, त्योच मी." आणि त्यांच्याबरोबर हसलात. तेव्हा मला तुमचा राग आला होता. स्वतःवर इतकं हसू देणारा माणूस पुढं कशाकशाला धनी होतो, ते तोवर मी पाहून चुकले होते.

कारण दुसरी नोंद गारगोटीच्याही आधीची, मी कॉलेजात होते तेव्हाची. फुटबॉलची फायनल होती, दोन पेठांचे संघ, पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नाही. मी बायकांच्या बाजूला वरच्या पायरीवर बसले होते. उत्तरार्धात आपल्या पेठेचा एक खेळाडू चेंडू घेऊन मधून निघाला. फौंड्रीत कामाला होता, नुकतं लग्न ठरलं होतं, आणि पळायला लागला की लोक उभेच राहायचे. मैदानाच्या मधोमध त्यानं वळायला पाय रोवला, तो पाय घसरला आणि अंगाखाली मुडपला. मला आवाज आला नाही. पण एवढं मोठं मैदान एकाएकी गप्प झालं, ते अजून माझ्या अंगावर येतं. त्याला उचलून नेल्यावर लोकांनी तिथली माती उकरली. वरून कोरडी तांबडी माती होती आणि खाली काळ्या मातीचा चिखल. मग एकच ओरडा झाला, "ताकवाल्यानं केलं!" रजिस्टरात त्याच आठवड्यात लिहिलंय, 'मैदान कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे खेळाडूस गंभीर दुखापत.'

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वेळचे सेक्रेटरी आपल्या घरी आले. तुम्ही जेवायला बसला होतात, ताट तसंच सरकवून उठलात. ते बाहेरच्या खोलीत ट्रंकेवर बसले. मी आणि आई आत चुलीपाशी होतो, मध्ये फक्त पडदा. आई चहाचं आधण ठेवून हालचाल न करता बसली होती, म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला. ते म्हणाले, "काळी माती भरून पाणी सोडा म्हणून मीच सांगितलं, हे खरं हाय. पाहुण्यांच्या क्रिकेटसाठी पट्टी तयार पायजे हुती." तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं हुतं सायेब. फायनल हुंदे म्हणलं हुतं. काळी माती भिजली की साबण हुतीया." ते म्हणाले, "व्हय, आन् वरनं कोरडी माती पसरा असं बी मीच म्हणालो. पण आता माझ्यावर आलं तर कमिटी फुटंल. मैदान फुटबॉलचं का क्रिकेटचं, ह्याच्यावर पेठापेठांत डोकी फुटतील. तुमच्यावर आलं तर लोक म्हणतील, ताकवाल्यानं पुन्यांदा घोळ घातला. चार दिस हसतील, इसरतील. नोकरीला धक्का लागू देत न्हाय, शब्द हाय माझा." मग तुम्ही विचारलंत, "पोराच्या पायाचं?" ते म्हणाले, "बघू की." आणि तुम्ही म्हणालात, "बरं."

त्या 'बरं'वर मी किती भांडले तुमच्याशी! ते गेल्यावर मी बाहेर आले आणि वाट्टेल ते बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी आणि संन्याशानं स्वतःच गळ्यात दोर अडकवून घ्यायचा, असं काहीतरी मोठं वाक्य टाकलं, कॉलेजातलं. तुम्ही एरवी माझ्यावर आवाज चढवत नव्हता. त्या दिवशी चढवलात. "नळाची चावी कुणाच्या हातात हुती? सायेबाच्या? सांगणारा सांगतोय, फिरवणाऱ्याला डोळं हायेत का न्हाय? पुन्हा ह्यो विषय घरात काढलास तर याद राख." मी काढला नाही. तुम्ही मात्र त्या मुलाला बघायला दवाखान्यात गेलात. त्याच्या आईनं तुम्हाला सगळ्या वॉर्डासमोर शिव्या घातल्या, तुम्ही हात बांधून ऐकल्यात, आणि पुढच्या रविवारी परत गेलात. आईनं विचारलं, कशाला जाता मार खायला, तर म्हणालात, "तिला बी शिव्या घालाय कोणतरी पायजे की."

हे सगळं मी पुस्तकासाठी लिहिलं. सभ्यपणे, कुणाचं नाव न घेता, दोनच परिच्छेद. सेक्रेटरींच्या सूचनेवरून पाणी सोडलं गेलं आणि दोष मात्र कर्मचाऱ्याकडे गेला, एवढंच. कमिटीनं मला बोलावलं. मीटिंग पॅव्हेलियनच्या वरच्या खोलीत. तुम्ही गेल्यानंतर त्या पॅव्हेलियनला त्याच जुन्या सेक्रेटरींचं नाव दिलंय आणि खोलीत त्यांचा मोठा फोटो आहे, हार घातलेला. मी बरोबर फोटोच्या खालच्या खुर्चीत बसले होते. आताचे सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी माझ्यासाठी पंखा मोठा केला आणि मग म्हणाले, "बाई, तुमी खोटं बोलताय असं कोण म्हणतंय? पण त्यांनी ह्या मैदानासाठी आयुष्य घातलंय. उद्या त्यांची नातवंडं इच्यारतील, पुरावा दावा. मी काय दावू?" मी म्हणाले, मी स्वतः ऐकलंय. तेव्हा माझा विद्यार्थी, मान खाली घालून, अगदी हळू बोलला, "बाई, ऐकीव गोष्ट म्हंजे इतिहास न्हवं, हे तुमीच शिकवलं की आमास्नी." त्यानं टोमणा मारला नव्हता, आबा. त्याला खरंच वाईट वाटत होतं. ते वाक्य मी प्रत्येक वर्गाला जूनमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देत असे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी मला पंधरा दिवस दिले. काही कागद मिळाला, कुणी साक्षीदार मिळाला, तर छापू म्हणाले.

कागद कुठून मिळणार? तुम्हाला सहीपुरतं लिहिता येत होतं. आई गेली. जुने सेक्रेटरी फोटोत. राहिला तो एकच माणूस, ज्याचा पाय गेला तो. पेठेत अजून त्याचं पंक्चरचं दुकान आहे. फौंड्री सुटली, ठरलेलं लग्नही मोडलं, पुढं दुसरं झालं. तो लाकडी पाटावर बसतो, एक पाय सरळ पुढं ताणून, कारण तो वाकत नाही. मी गेले तेव्हा ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. मला ओळखून त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "आबांची लेक न्हवं तुमी? मरंस्तवर यायचं आबा माज्याकडं, दर ऐतवारी. पयल्यांदा मी बोलतच नव्हतो. मग एक दिस म्हणलं, आबा, झालं गेलं, मी माफ केलं तुमास्नी. हितंच बसून रडलं हो ते, तुमी बसलाय तितंच." हे मला माहीत नव्हतं. घरी कधी बोलला नाहीत. मी कशीबशी सुरुवात केली आणि त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं, ट्रंकेवर कोण बसलं होतं, काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात. बुडबुडे सापडले होते, पण त्यानं ट्यूब बाहेर काढली नाही.

"हे मला आता कशाला सांगितलंसा ताई?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, पुस्तकात खरं यावं म्हणून. तुम्ही नुसतं एवढं म्हणा की तुम्हाला तेव्हा काही कानावर आलं होतं. "पर आलंच नव्हतं की. मी काय म्हणू?" मग तो म्हणाला, "मी त्या माणसाला माफ करून मोकळा झालोय. लई वर्सं लागली त्याला. आता ती माफी काय करू, मागारी घेऊ? का फोटूतल्या माणसावर नवा राग धरू? ह्या वयात नवा राग झेपत न्हाय ओ." मी उठले, तेव्हा त्यानं आणखी एक विचारलं, आणि ते मी अजून गिळू शकलेले नाही. "आन् तुमी म्हणताय आबांचं काय चुकलं नव्हतं. मग रडलं कशापायी?" मी घरापर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही. मी सगळं आयुष्य तुम्हाला निर्दोष धरून चालले होते. तुम्ही स्वतःला तसं कधी धरलंच नव्हतं, आणि मी ज्याची साक्ष काढायला निघाले होते ते तुम्हाला नको होतं की काय, हे आता कुणाला विचारू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी तुमच्यासाठी खाते आहे असं समजत होते. तुमच्यासाठी खाते आहे की माझ्या समाधानासाठी, हेही मला नक्की सांगता येत नाही.

पंधरा दिवस संपले. मला म्हणता आलं असतं, हे नाही तर पुस्तकच नाही. दोन दिवस मी तसं ठरवलंही होतं. मग मनानं सांगितलं, तू नाही लिहिलंस तर दुसरा कुणी लिहील आणि रजिस्टरातलं वाक्य जसंच्या तसं उतरवील. असली कारणं मनाला बरोबर वेळेवर सुचतात. शेवटी मी भांडून एवढंच मिळवलं, की 'निष्काळजीपणामुळे' काढून तिथं 'चुकीमुळे' घातलं. चार महिन्यांच्या कामाची कमाई, एक शब्द. ताकाचं प्रकरण मात्र सगळ्यांना फार आवडलं. सेक्रेटरी ते वाचून पोट धरून हसले आणि म्हणाले, ह्याला हात लावायचा न्हाय. त्याच्या पुढचं, तुम्ही शिकायला गेलात आणि कप्तानानं पट्टीचं कौतुक केलं ते, पानं वाढत होती म्हणून गेलं. म्हणजे आता शंभर वर्षांनी कुणी हे पुस्तक उघडलं तर त्याला एक माळी भेटेल, ज्यानं खेळपट्टीला ताक घातलं, आणि पुढं काही पानांनी एक कर्मचारी भेटेल, ज्याच्या चुकीमुळे एका पोराचा पाय गेला. ते दोघं एकच, हेही त्याला कळणार नाही. कळलं तर तो म्हणेल, तरीच.

परवा प्रकाशन झालं, मैदानावरच. पॅव्हेलियनसमोर स्टेज, पहिल्या रांगेत जुन्या सेक्रेटरींची मुलं, नातवंडं, मागं पायऱ्यांवर पेठांची पोरं, आपापल्या संघांचे टी-शर्ट घालून. प्रमुख पाहुण्यांनी माइकवर ताकाचा उतारा वाचून दाखवला, चांगला वाचला. विकेटकीपर पुढं पुढं येतो तिथं पोरांनी शिट्ट्या मारल्या. पंगतीच्या वाक्याला मैदान तसंच हसलं, जसं तेव्हा हसलं असेल. मग माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, फुलं, आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी घरून ठरवून गेले होते, आबा. छापलं नाही तर नाही, माइकवर सांगायचं. काय सांगायचं ते चार वेळा आरशासमोर म्हणून बघितलं होतं. माइक हातात आल्यावर मी कमिटीचे आभार मानले, छपाईवाल्याचे मानले, माझ्या विद्यार्थ्याचे मानले. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "बाई, एक लंबर!" आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मी आयुष्यभर वर्गात बोलले, माझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या वेळी मला तुमची आठवण आली नाही, आबा. मला फार बरं वाटलं.